शाळेच्या फाटकापासून 50 मीटर : आपल्या बेळगाव भागात जंक फूडच्या विक्रीला लगाम कसा घालायचा?

शाळेतल्या_बाई (वडगाव)

नमस्कार मंडळी. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका खेड्यात मराठी शाळेत शिकवते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळीकडं तेच आहे, मग शाळा मराठी असो, कन्नड असो की उर्दू.

सकाळी प्रार्थनेच्या आधीच निम्म्या पोरांच्या खिशात पाच-पाच रुपयांची पाकिटं असतात. दुपारी अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचा, गरम भात-सांबार ताटात पडतो आणि पोट आधीच तिखट-खारट काड्यांनी भरलेलं असल्यानं अर्धा भात तसाच राहतो. सातवीतली काही मुलं मैदानाला एक फेरी मारली की धापा टाकतात. त्याच वर्गात दंडाची हाडं दिसणारी मुलंही आहेत. पाकीट मात्र दोघांच्या हातात एकच.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण पालकसभेत विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2015 मध्ये शाळांजवळच्या अशा विक्रीबद्दल आदेश दिला. त्यानंतर सप्टेंबर 2020 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, शाळकरी मुलांच्या आहाराचे नियम अधिसूचित केले आणि 1 जुलै 2021 पासून ते लागू झाले. ज्यात साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा ट्रान्स फॅट जास्त आहे असे पदार्थ शाळेच्या आत आणि फाटकापासून चहूबाजूंनी 50 मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. त्यांची जाहिरात करायची नाही, फुकट वाटायचेही नाहीत. तसा फलक फाटकावर लावायचा आहे.

आमच्या खेळाच्या सरांनी लांब उडीची टेप काढली आणि आम्ही मोजून बघितलं. पहिलं दुकान फाटकापासून 9 मीटरवर. गोबीचा गाडा 15 मीटरवर. बेकरी 30 च्या आत. चौथं दुकान 50 च्या रेषेवर, अर्धं आत अर्धं बाहेर. सगळ्यांच्या दारात पाकिटांच्या माळा, त्याही आठ-दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यासमोर येतील एवढ्याच उंचीवर. फाटकावर तंबाखूच्या शंभर यार्डांचा फलक आहे, खाण्याच्या 50 मीटरचा नाही.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला तेव्हा गॅसवाल्या गोड पेयांवर 40 टक्के कायम राहिला, ते योग्यच झालं. पण चिप्स, शेव-फरसाणाची पाकिटं, बिस्किटं, चॉकलेट, इन्स्टंट नूडल्स हे सगळं 12 आणि 18 वरून 5 टक्क्यांवर आलं. म्हणजे ज्या वर्षी केंद्राचं आरोग्य खातं खाण्यात तेल-साखर किती ते सांगणारे फलक लावा म्हणत होतं, त्याच वर्षी हा माल स्वस्त झाला.

पोरगं जाड झालं की आपण त्यालाच ओरडतो, ‘खाऊ नको’. विकणाऱ्याला, बनवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. बंधन विक्रीवर हवं आणि त्याची सुरुवात फाटकापासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कुणी हा 50 मीटरचा नियम अमलात आणून दाखवलाय का?

---

साधा_पालक (शहापूर)

बाई, तळमळ पटते, उपाय पटत नाही. पैसे कोण देतं? आपणच. सकाळी डबा करायला वेळ नाही म्हणून दहाची नोट हातात ठेवायची आणि मग दुकानदाराला कायदा दाखवायचा, हे बरं नव्हे. माझ्या मुलाला मी पैसे देत नाही, तो खात नाही, विषय मिटला.

दुसरं, असल्या नियमांचा मार नेहमी लहान माणसाला बसतो. गोबीच्या गाड्यावर दोन माणसांचं घर चालतंय. त्याला हुसकावणार आणि कॉलेज रोडवर काचेच्या दुकानात दीडशेचा बर्गर तसाच विकला जाणार. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदाही आहे, उठवायचं म्हटलं तर आधी नोटीस द्यावी लागते, पर्यायी जागेचाही विचार व्हावा लागतो. आणि सरकार आज चिप्सवर आलं तर उद्या आपल्या कुंद्यासारख्या मिठाईवर येणार नाही कशावरून?

---

बालरोग_टिळकवाडी

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. साधा_पालक, तुम्ही तुमच्या घरी करता ते उत्तमच आहे. पण माझ्यासमोर येणारी मुलं बेफिकीर घरातली नसतात, एवढं आधी सांगतो.

आई मुलाला घेऊन येते, तक्रार अशी की मान किती घासली तरी काळीच राहते. साबण, बेसन, नारळाची शेंडी, सगळं करून झालेलं असतं. मानेच्या मागं मखमलीसारखा जाड काळपट पट्टा, काखेतही तसाच. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं प्रमाण वाढलंय, ते नीट काम करत नाही, याची ती खूण आहे. पूर्वी हे चाळिशीच्या माणसात बघायचो, आता पाचवी-सहावीतल्या मुलांत दिसतंय. पोटाची सोनोग्राफी केली तर यकृतावर चरबी सापडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. कर्नाटकात 15 ते 49 वयातल्या स्त्रियांत जादा वजन किंवा लठ्ठपणा 2015-16 मध्ये 23.3 टक्के होता, 2019-21 मध्ये 30.1 झाला. पुरुषांत 22.1 वरून 30.9. चार-पाच वर्षांत एवढी वाढ फक्त ‘लोक आळशी झाले’ म्हणून होत नाही. आजूबाजूला काय मिळतं, केवढ्याला मिळतं आणि किती पावलांवर मिळतं, ते बदललं.

आपल्या माणसांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यातून दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानानं चरबी जास्त. अशा मुलाला पुढं थोडंही जादा तेल-साखर मिळालं की मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडं लठ्ठपणाची रेषाही खाली धरतात : मोठ्या माणसाचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 23 च्या वर गेला की जादा वजन, 25 च्या वर लठ्ठपणा.

साखरेचा हिशेब सांगतो. दिवसाला जोडसाखर, म्हणजे वरून घातलेली साखर, 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असा सल्ला आहे. कोलाच्या 300 मिलीच्या एका बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते. एका बाटलीत दिवस संपला. सीबीएसईनं मे 2025 मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, तेव्हा परिपत्रकात म्हटलं होतं की 4 ते 10 वयाच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 13 टक्के साखरेतून येतात, 11 ते 18 वयात 15 टक्के. हवेत जास्तीत जास्त 5.

‘पालकांनी बघावं’ हे बरोबर आहे, पण मूल शाळेच्या फाटकात पोचल्यापासून घरी येईपर्यंत पालक तिथं नसतात. तिथं दुकानदार असतो.

---

किराणा_अनगोळ

मी तो दुकानदार. म्हणजे बाईंच्या गावचा नव्हे, पण माझंही दुकान शाळेच्या समोरच आहे. कुणी रागानं बोललं नाही म्हणून लिहायला धीर झाला.

माळा आम्ही लावत नाही, लावल्या जातात. सेल्समन गाडी घेऊन येतो, हुक त्याचा, माळ त्याची, कुठं टांगायची तेही तोच सांगतो. दर्शनी भागात लावलं तर स्कीम, बारा माळांवर एक फुकट. फ्रीज कंपनीचा, त्यात दुसरं काही ठेवलं तर फ्रीज उचलून नेण्याची भीती. लाईट बिल माझं. जीएसटी उतरल्यावर काही पाकिटांची किंमत पाचच राहिली, आत माल वाढला. पोरांना तेच हवं असतं.

शेंगदाण्याची चिक्की, भडंग, खारे शेंगदाणे, केळी, हे मी पूर्वी ठेवत होतो. केळी दोन दिवसांत काळी पडतात, तोटा माझा. पाकीट सहा महिने टिकतं, जुनं झालं तर कंपनी बदलून देते. ज्या मालात जोखीम नाही तो माल दुकानदार ठेवणारच.

मी एकट्यानं बंद केलं तर पोरं पलीकडच्या दुकानात जाणार. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद केलं तर माझी तयारी आहे. पण ते सगळ्यांना सारखं लागू करणारं कोण आहे सांगा. तपासणीला येणारे कागद बघतात, नोंदणीचा दाखला भिंतीवर आहे का बघतात आणि जातात. 50 मीटरचं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, ते मी आज इथं वाचलं.

---

शाळेतल्या_बाई (वडगाव)

काका, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. हे सगळं आम्हाला बाहेरून कळत नाही. ‘सगळ्यांनी एकाच दिवशी’ हे तुमचं वाक्य मी लिहून ठेवते. नियम नेमका त्यासाठीच लागतो, नाहीतर जो चांगला वागेल त्याचाच गल्ला रिकामा राहणार.

---

निपाणीकर

आमच्या सीमेवरच्या माणसांनी एक गोष्ट विसरू नये. इथं जे बंद होतं ते पलीकडून येतं.

महाराष्ट्रानं जुलै 2012 मध्ये गुटखा बंद केला. कर्नाटकानं 2013 मध्ये केला. मधल्या काळात निपाणी-कोगनोळी भागातल्या पानपट्ट्यांवर काय झुंबड होती ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पोतीच्या पोती कागल बाजूला जायची. बंदी दोन्हीकडं आल्यावरही धंदा पुरता थांबला नाही. चोर्ला घाटातून गोव्याची दारू येते ती वेगळीच. म्हणून कुणी म्हणालं की कर्नाटकानं आपल्यापुरता चिप्सवर कर लावावा, तर मी आजच सांगतो, बाचीचा माणूस पलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला जाऊन माल भरून आणेल. रस्ता एकच, पाटी तेवढी बदलते.

हे नुसतं आपल्याकडचं नाही. डेन्मार्कनं ऑक्टोबर 2011 मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला, किलोला 16 क्रोनर. लोक शेजारच्या जर्मनीत, स्वीडनमध्ये जाऊन लोणी-चीज आणायला लागले, व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि जानेवारी 2013 पासून कर रद्द झाला. केरळनं 2016 मध्ये ब्रँडेड हॉटेलांतल्या बर्गर-पिझ्झावर 14.5 टक्के कर लावला होता. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो त्यात विरून गेला. आता असा वेगळा विक्रीकर लावणं राज्याच्या हातातच राहिलेलं नाही.

पण याचा अर्थ बंधन नको असा नव्हे. कर सीमेवर गळतो, शाळेजवळची बंदी गळत नाही. आठ वर्षांचं पोरगं मधल्या सुट्टीत पाच रुपयांच्या पाकिटासाठी शिनोळीला जाणार नाही. सगळ्यांत जवळचं दुकान जरा लांब ढकललं, तर सुट्टीतली बरीच मिनिटं जाण्या-येण्यातच जातील. म्हणून बाईंचा 50 मीटरचा मुद्दा मला सगळ्यांत भक्कम वाटतो, आणि सीमाभागात तर जास्तच. चंदगड, कागल, निपाणी, बेळगाव, खानापूर, सगळीकडं हा केंद्राचा एकच नियम. कुठल्या राज्यात कुठलं गाव, हा प्रश्नच इथं येत नाही.

---

शहापूरकर_लंडन

मी मूळ शहापूरचा, सध्या लंडनला नोकरीला. इकडचं जे बघतोय ते सांगतो.

एप्रिल 2018 मध्ये इथं गोड पेयांवर लेव्ही, म्हणजे कर, आली. तेव्हा दर असा होता : 100 मिलीत 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काही नाही, 5 ते 8 ग्रॅम असेल तर लिटरला 18 पेन्स, त्याच्या वर 24 पेन्स. कायदा 2016 मध्येच जाहीर झाला होता, त्यामुळं लागू व्हायच्या आधीच कितीतरी कंपन्यांनी साखर 5 च्या खाली आणली. गिऱ्हाइकाला कुणी काही शिकवलं नाही, बाटलीतली साखरच कमी झाली. निपाणीकरांचा गळतीचा मुद्दा बरोबर आहे, पण कर देशभर एकच असेल आणि विकणाऱ्याऐवजी बनवणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून लावला असेल, तर तो कारखान्यातच काम करतो. आपल्याकडं 40 टक्के सगळ्यांना सारखा आहे. साखर 11 ग्रॅम असो की 4, कर तोच. मग कंपनी साखर कशासाठी कमी करेल?

किराणा काकांच्या माळांवरून आठवलं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांत असले पदार्थ दारात, बिलाच्या काउंटरजवळ आणि रॅकच्या टोकांना ठेवायला मनाई आहे. विका, पण आत ठेवा. पोर रांगेत उभं असताना हाताशी येता कामा नये, एवढंच. लहान दुकानांना तो नियम नाही, पण कल्पना आपल्याकडं उचलण्यासारखी आहे. माळ मागच्या भिंतीवर गेली तरी फरक पडेल.

---

आशा_ताई_खानापूर

मी खानापूर तालुक्यात जंगलभागातल्या गावांत फिरते. डॉक्टरांनी सांगितलं ते शहरातलं. आमच्याकडचं ऐका.

आमच्याकडं लठ्ठ पोरं कमी, कुपोषित जास्त. कर्नाटकात पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी आहे, हे त्याच पाहणीत आहे. पण पाकीट इथंही पोचलंय. बस दिवसातून दोनदा येते, पाकिटाची गाडी चुकत नाही. आई-बाप कामाला जाताना रडणाऱ्या पोराच्या हातात पाकीट देतात. दोन वर्षांचं पोर ते चघळत बसतं, अंगणवाडीत गेलं की जेवत नाही. वजनकाट्यावर महिना-महिना काटा हलत नाही. वयात येताना हीच पोरं अंगानं एकदम सुटली, तर त्यांना मधुमेहाचा धोका वाढतो, डॉक्टरांनी सांगितलं तसं.

आईला रागावून उपयोग नाही. तिला वाटतं पाकीट म्हणजे चांगलं काहीतरी, कारण टीव्हीवर दाखवतात, आणि वरचा मजकूर तिला वाचता येत नाही. इंग्रजीत बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते मलाही भिंगाशिवाय दिसत नाही. वर मोठी काळी खूण असती तर मी एका मिनिटात समजावून सांगितलं असतं.

---

बालरोग_टिळकवाडी

आशाताई, तुम्ही म्हणताय ती खूण चिली देशानं 2016 मध्ये आणली. साखर, मीठ, संपृक्त चरबी, उष्मांक यांतलं जे जास्त असेल त्याचा काळा अष्टकोन पाकिटाच्या तोंडावर. सोबत दोन गोष्टी केल्या : अशा पाकिटावर कार्टूनचं चित्र नको आणि शाळेत विक्री नको. पुढच्या अभ्यासात गोड पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटलेली दिसली. मेक्सिकोनं 2014 पासून गोड पेयांवर लिटरला 1 पेसो कर लावला, मग काळ्या खुणाही आणल्या, आणि मार्च 2025 पासून शाळांत असल्या पदार्थांना पूर्ण बंदी केली. एकाच औषधावर कुणी थांबलेलं नाही.

आपल्याकडं 2022 च्या सप्टेंबरमध्ये एफएसएसएआयनं मसुदा काढला तो ताऱ्यांचा. अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. माझा याला विरोध आहे. खारट पाकिटाला दीड तारा दिला तरी तारा म्हणजे शाबासकीच वाटणार, पोरांच्या वहीवर बाई तेच देतात. साखर जास्त असली तरी थोडं सुकं फळ किंवा तंतुमय पदार्थ टाकून तारे वाढवता येतात. सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या एप्रिलमध्ये याबद्दल तज्ज्ञ समितीला मुदत घालून दिली होती. इशारा हा इशाऱ्यासारखाच दिसला पाहिजे. शाकाहाराचा हिरवा ठिपका अडाणी माणसालाही कळतो, तसा हाही कळावा. आणि आपल्या भागात, जिथं एका गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलतात, तिथं चित्राइतकं सोयीचं काय असणार?

---

बारावीत_आहे

मी बारावीत आहे, सगळे मोठे लोक बोलताहेत म्हणून थोडं घाबरतच लिहितो.

आम्ही खातो ते भुकेपेक्षा सोबतीसाठी. क्लास सुटला की सगळे गाड्यावर थांबतात, तुम्ही एकटे सायकल काढून घरी गेलात तर दुसऱ्या दिवशी तुम्ही ग्रुपमध्ये नाही. डब्यात भाकरी असली तर काही मुलं ती चोरून खातात. आणि सगळ्यांत वाईट वीस रुपयांची ती लाल एनर्जी ड्रिंकची बाटली. परीक्षेच्या दिवसांत मुलं रात्री दोन-दोन पितात. बाटलीवरच छापलंय की मुलांसाठी योग्य नाही. लिटरला 300 मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. ती बाटली आठवीतल्या मुलाला देताना वय कुणीच विचारत नाही. सिगारेट मागितली तर निदान वर-खाली बघतात तरी.

मला वाटतं गाडा बंद करण्यापेक्षा गाड्यावर दुसरं काहीतरी चांगलं मिळालं तर आम्ही तिथंच थांबू. आम्हाला थांबायला जागा हवी असते. आणि मुलींसाठी खेळायला मैदान कुठंच नाही, हे पण कुणीतरी लिहायला पाहिजे होतं.

---

साधा_पालक (शहापूर)

बाळ, घाबरू नकोस, सगळ्यांत कामाचं तूच लिहिलंस. वय न विचारता बाटली देतात हे मला माहीत नव्हतं. ते थांबलंच पाहिजे, त्यावर माझी हरकत नाही.

गाड्यांबद्दल माझा आग्रह कायम आहे. हटवायचे असतील तर जागा देऊन हटवा. आणि कुंद्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

---

बालरोग_टिळकवाडी

देतो. कुंदा, करदंट, मांडे यात साखर आहे, तूप आहे, त्यांना मी आरोग्याचं खाणं म्हणणार नाही. घरी पाहुणे आले, सण आला, तर खावेत. पण कुंद्याची पाच रुपयांची माळ शाळेसमोर टांगलेली नसते आणि त्यावर कार्टून नसतं. कुणी तशी टांगली तर 50 मीटरचा नियम तिलाही लागू. नियम पदार्थ परदेशी आहे की आपला हे बघत नाही, 2020 च्या नियमांत तळलेला समोसाही येतो.

---

उचगावचा_शेतकरी

बारावीतल्या पोराला दुसरं काय मिळावं, त्यावर बोलतो.

आमचा सगळा पट्टा रताळ्यांचा. उचगाव, कंग्राळी, बेळगुंदी, तिकडं वर पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. हंगामात बेळगावच्या मार्केटात ढिगारे लागतात, भाव पडतो, पोती पुणे-मुंबई-दिल्लीला जातात आणि आमचं पोरगं शाळेसमोर बटाट्याच्या काचऱ्यांचं पाकीट खातंय. उकडलेलं किंवा निखाऱ्यात भाजलेलं रताळं, वर थोडं मीठ-तिखट, लिंबू. दहा रुपयांत एक चांगलं मोठं. पावसाळ्यात मक्याचं कणीस. उन्हाळ्यात खानापूरची जांभळं, करवंदं. शेंगा तर बारमाही. भडंगात तेल बेतानं घातलं तर तेही चालेल, चिरमुरे हलके. गाडा तोच, माणूस तोच, शेगडी तीच. गोबीच्या कढईऐवजी उकडायचा डबा.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या बायकांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात रताळ्याचा स्टॉल मांडला होता. पोरांनी दुपारपर्यंत संपवलं. त्यामुळं ‘पोरं खाणार नाहीत’ हे मला मान्य नाही. मिळत नाही म्हणून खात नाहीत.

रताळ्यात साखर असते का डॉक्टर? माझा बाप मधुमेही, त्याला कमी देतो.

---

बालरोग_टिळकवाडी

वडिलांना बेतानंच द्या. शाळकरी मुलाला एक उकडलेलं रताळं उत्तम : तंतू आहेत, पोट भरतं, तेल नाही. तळलेल्या काचऱ्यांच्या 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास उष्मांक, उकडलेल्या रताळ्यात शंभराच्या आत.

---

शाळेतल्या_बाई (वडगाव)

सगळ्यांचं वाचलं. मला आता काय करायचं ते बरंच दिसायला लागलंय, म्हणून इथंच मांडते. चुकत असेल तिथं सांगा.

करांचं आणि खुणेचं काम दिल्लीत व्हायचं आहे. त्यासाठी खासदारांना निवेदन द्यायचं, पण त्याची वाट बघत बसायचं नाही. फाटकाचं काम आपल्या हातात आहे. शाळेची एसडीएमसी ही पालकांचीच समिती आहे. तिनं ठराव केला, ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) आणि बीईओंना (गटशिक्षणाधिकारी) पाठवला, एक प्रत अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना दिली, तर कागद तरी तयार होतो. आजवर कुणी मागितलंच नाही, म्हणून कुणी दिलं नाही.

सरकारनं मनावर घेतलं तर होतं, हे आपण बघितलंय. मार्च 2024 मध्ये कर्नाटकानं गोबी मंच्युरियन आणि म्हातारीच्या केसांतल्या रोडामाइन-बी रंगावर बंदी घातली, जूनमध्ये कबाबच्या कृत्रिम रंगांवर. आमच्या गावच्या गाड्यावरची लालभडक गोबी त्यानंतर फिकी झाली. गाडा तिथंच आहे, गिऱ्हाईकही आहे. साधा_पालक, तुमच्या मनातली भीती मला कळते, म्हणून ठरावात ‘गाडा हटवा’ असं कुठंही लिहिणार नाही. काय विकायचं नाही एवढंच लिहू. उचगावच्या दादांनी सांगितलेला डबा-शेगडीचा मार्ग आमच्या गाडेवाल्या अण्णांपुढं मी स्वतः ठेवणार आहे. पहिल्या महिन्याचा तोटा कुणी सोसायचा यावर पालकांशी बोलायला लागेल, कारण नुसत्या गोड शब्दांनी त्याचं घर चालणार नाही.

ठराव मराठी शाळेपुरता नको. आमच्या आवारालाच लागून कन्नड शाळा आहे, दोन्हीकडची पोरं त्याच दुकानात जातात. दोन्ही समित्यांनी मिळून एकच ठराव केला तर त्याला वजन येईल. आणि आधी शाळेनं स्वतःचं घर साफ करावं. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं आणि चिप्स वाटायची पद्धत आम्हीच चालू ठेवलीय, 26 जानेवारीला पोरांना कागदात बांधून काय देतो तेही बघायला पाहिजे. एनर्जी ड्रिंकचा मुद्दा ठरावात पहिला असेल, बारावीवाल्या, तुझ्यामुळं. मैदानाचाही घेते.

किराणा काका, तुम्हाला एकच विचारते. उद्या तुमच्या शाळेसमोरच्या सगळ्या दुकानांना एकाच तारखेपासून हे लागू झालं, तर तुम्हाला आमच्याकडून काय लागेल?

---

किराणा_अनगोळ

तीन गोष्टी लागतील बाई. एक, तारीख सगळ्यांना लेखी द्या आणि निदान एक महिना आधी द्या. घेतलेला माल परत करायला तेवढा वेळ लागतो. दोन, काय चालतं आणि काय नाही याची चित्रांसकट यादी द्या. बिस्किटाचं मला आजही कळत नाही, ग्लुकोजचं चालतं की क्रीमचं बंद की दोन्ही बंद. यादी नसेल तर येणारा प्रत्येक अधिकारी आपल्या मनानं ठरवेल आणि मग त्यातून काय सुरू होतं ते मी इथं लिहीत नाही. तीन, केळी आणि चिक्की मी ठेवतो, पण शाळेनं पोरांना सांगावं की तिथं मिळतात. पहिले पंधरा दिवस बायांनी आणि सरांनी स्वतः येऊन घेतली तर पोरं बघून घेतील.

माळ मात्र मी उद्यापासूनच मागच्या भिंतीवर नेतो. त्याला कुणाच्या ठरावाची गरज नाही. सेल्समन काय म्हणतो ते कळवतो.

---

बालरोग_टिळकवाडी

यादी मी करतो. बिस्किटांसकट. दोन रविवार द्या.

---

निपाणीकर

बाई, ठरावाचा मसुदा मराठीत झाला की इथंच टाका. माझी सून कन्नड शाळेत शिक्षिका आहे, ती कन्नडमध्ये करून देईल. आणि मसुद्यात नियमाचं पूर्ण नाव, 2020 हे साल आणि 50 मीटरचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात घ्या. ‘असा काही नियम आमच्याकडं आलेला नाही’ असं कचेरीत ऐकून परत यायला लागू नये. सोबत तुमच्या सरांनी टेपनं मोजलेला नकाशा जोडा, दुकानांची नावं न घालता, नुसती अंतरं.